तिन्हीसांजेची वाटणी

"गुरुजी, ती कात्री इकडे द्या, आणि हात धुऊन या. साबण नको हं, नुसत्या पाण्यानं. साबणाचा अंश राहिला तरी माझ्या टाकीतल्या गोगलगायी मान टाकतात," चिरमुलेबाई म्हणाल्या.

मी मोरीवर जाऊन हात धुतले. श्रावणातील पौर्णिमा होती. कृष्णेला पूर आल्याने वाईच्या घाटांच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या, म्हणून आमच्या पाठशाळेची श्रावणी त्या वर्षी नदीवर न होता पाठशाळेच्याच सभागृहात झाली होती. तेथून मी थेट बाईंकडे आलो होतो. अंगावर नवे यज्ञोपवीत होते. उतरवलेले जुने कागदात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवले होते. पूर ओसरला की ते नदीत सोडावे, असा विचार होता.

हात पुसत परत आलो तेव्हा दृष्टी पुन्हा तेथेच गेली, जेथे जाऊ नये असे मी स्वतःला वाटेत बजावले होते. खिडकीजवळच्या तिपाईवर चांदीचे तबक ठेवलेले होते. त्यात निरांजन होते, कुंकवाचा करंडा होता, थोड्या अक्षता होत्या. आणि एक राखी होती, साधी, तांबड्या सुताची, मध्ये लहानसे पिवळे फूल असलेली.

ती राखी माझ्यासाठी होती.

आदल्या संध्याकाळी बाईंचा मुलगा सुहास माझ्या घरी आला होता. आईला नेण्यासाठी तो बडोद्याहून आला होता. नदीकाठच्या ओल्या पायरीवर पाय घसरून बाईंचे उजवे मनगट मोडले होते, आणि एकट्या राहणाऱ्या आईची काळजी आता त्याला स्वस्थ बसू देत नव्हती. मुलगा मोकळा, हसतमुख. मला वाकून नमस्कार करून म्हणाला, "गुरुजी, उद्या दुपारी जेवायला आमच्याकडेच. नारळीभात आहे. आणि आई तुम्हाला राखी बांधणार आहे."

मग तोच पुढे म्हणाला, "मीच म्हटलं तिला. इतकी वर्षं तुम्ही तिला सांभाळलंत. राखी बांधली की मला वाईत हक्काचं मामाचं घर होईल. आणि गावाची तोंडंही बंद होतील, काय?"

गावाची तोंडे फार मोठी नव्हती. आमच्या आळीतल्या सरूवहिनी तेवढ्या अधूनमधून जिन्यातून विचारीत, "गुरुजी, रोज संध्याकाळी मासे बघायला जाता, ते मासे बोलतात का हो काही?" मी म्हणत असे, "वहिनी, न बोलणाऱ्यांचा सहवास दुर्लभ असतो, म्हणून जातो." त्या पदर तोंडाला लावून हसत, आणि विषय तेथेच संपे.

परंतु राखीचा विषय तसा संपणारा नव्हता. पुढे आलेल्या राखीपासून हात मागे घेण्याची आपल्याकडे रीत नाही. सूत्र एकदा मनगटावर चढले की ते उतरले तरी नाते उतरत नाही. मला सख्ख्या दोन बहिणी होत्या, चुलत-मावस तर मोजदाद नव्हती. बहिणींची मला वानवा नव्हती. जे मी इतक्या वर्षांत मनातल्या मनातही कधी उच्चारले नव्हते, त्याला त्या दुपारी एक नाव मिळणार होते, आणि ते नाव त्याचे नव्हते. रात्र संपून सकाळ झाली, श्रावणी झाली, हवन झाले, तरी माझ्या चित्तात मंत्रांच्या खाली तेवढे एकच चालले होते.

"गुरुजी, ब्रह्मांडात हरवलात का? बसा असे समोर." बाईंनी डाव्या हाताने पाट सरकवला.

त्यांची काचेची टाकी भिंतीच्या लांबीइतकी होती. मासे त्यात नावाला, चार-दोन गप्पी. सगळे वैभव वनस्पतींचे. साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत बाई आयुष्यभर चित्रकला शिकवीत होत्या. निवृत्तीनंतर वाईला येऊन राहिल्या, आणि रंगपेटी मिटून त्यांनी पाण्यातल्या रंगांचा हा संसार मांडला. या वनस्पती दूर बोर्निओ बेटातल्या ओढ्यांच्या खडकांवर वाढणाऱ्या. त्यांचे नाव बुसेफॅलॅन्ड्रा. ते माझ्या जिभेवर कधी नीट बसले नाही. बाई म्हणत, "अहो, बुसी म्हणा. पुण्याची पोरंसुद्धा बुसीच म्हणतात." आल्याच्या कुडीसारखे त्यांचे खोड आडवे सरपटत जाते. त्याला खालून बारीक मुळे आणि वरून पाने फुटतात. पाने इतक्या रंगांची की मला अमरकोशातले रंगवाचक शब्द अपुरे पडू लागले.

आमच्या संध्याकाळच्या गप्पांचा अर्धा वेळ त्यातच जाई. एखादे पान दाखवून मी म्हणे, "हा नीललोहित."

"नीललोहित म्हणजे शंकर ना हो? शंकराला पाण्यात बुडवू नका. हा वांग्याच्या सालीचा रंग आहे."

"आणि हे कोवळे पान इंद्रगोपासारखे."

"इंद्रगोप कोण?"

"पावसाच्या तोंडाशी जमिनीतून निघतो तो तांबडा मखमली जीव."

"मृगाचा किडा म्हणा की सरळ! तुम्हां शास्त्री लोकांना किडासुद्धा इंद्राचाच लागतो."

सुरुवातीला त्यांनी मला एक लहानसा तुकडा दिला होता. मी तो घरी नेऊन, हळदीचा गड्डा लावावा तसा, श्रद्धेने वाळूत नीट पुरला, वरून बोटाने दाबलादेखील. आठवड्याने बाई पाहायला आल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. "गुरुजी, पुरलंत? हिला पुरायचं नसतं! पुरलं की खोड कुजतं. हिचं खोड उघडं राहिलं पाहिजे. दगडाला नुसतं बांधून ठेवायचं. मुळं आपली आपण दगड धरतात. त्यांना शिकवावं लागत नाही." मग त्यांनी स्वतः ते उकरून काढले, सुती दोऱ्याने एका गोट्यावर बांधले. म्हणाल्या, "दोरा सुती हवा. तो कुजून गळून पडतो, आणि तोवर मुळांनी दगड धरलेला असतो. नायलॉन कायमचं राहतं. मग कळतच नाही, रोप दगडाला धरून आहे की दोऱ्याला."

या छंदातील मंडळींचा एक रिवाज आहे, तोही त्यांनीच मला सांगितला होता. दिलेले रोप परत मागता येते. देणाऱ्याचे मेले, तर घेणाऱ्याने आपल्यातला तुकडा तोडून त्याला द्यावा. म्हणून त्यांच्यात चांगले रोप कोणी एकट्यापाशी ठेवत नाही. दिलेले असले की ते सुरक्षित असते.

बाईंनी मात्र एक रोप कोणालाही दिले नव्हते. त्याचे नाव त्यांनी तिन्हीसांज ठेवले होते. सरळ पाहिले तर त्याची पाने काळसर हिरवी, अगदी साधी. परंतु संध्याकाळचा तिरका उजेड पश्चिमेच्या खिडकीतून टाकीवर आला की त्याच पानांत निळा प्रकाश जागा होई, आणि कडेने जांभळी रेघ उमटे. उजेड हलला की पुन्हा ते मावळे. वाढ इतकी सावकाश की एक पान उघडायला ऋतूचा बराच भाग लागे. पुण्याच्या संग्राहकांनी त्या रोपासाठी किती विनवण्या केल्या, पण बाईंचे उत्तर ठरलेले: "अजून कापण्याएवढं झालेलं नाही."

त्या दिवशी सकाळपासून बाकीची रोपे वाटून झाली होती. पुण्याहून आलेली मंडळी पिशव्यांत पाणी भरून ती घेऊन गेली होती. सुहास त्यांना पोचवायला स्टँडवर गेला होता. रिकाम्या होत चाललेल्या टाकीत तेवढी एक तिन्हीसांज राहिली होती, कृष्णेच्या एका काळ्या गोट्यावर पसरलेली.

"आज कापायची," बाई म्हणाल्या. "अर्धी मी नेते. अर्धी तुमच्याकडे. पण बांधणार तुम्ही. माझ्या हाताला प्लॅस्टरचा पांढरा कोट घातलाय."

"मी?" मी म्हणालो. "मी एकदा ती पुरली होती, बाई."

"म्हणूनच तुम्ही. एकदा पुरून चुकलेला माणूस दुसऱ्यांदा पुरत नाही."

त्यांनी मला पाण्यात हात घालायला सांगितले. गोट्यासह ती वर आली तेव्हा पानांतून पाणी ठिबकत होते. बाईंनी डाव्या हाताच्या अंगठ्याने खोडावरून माग काढला. "इथे. या बाजूला पाच पानं, मुळं भरपूर. त्या बाजूला चार, पण तिकडचा कोंब जोरात आहे. सरळ कापा, एका दमात. घासू नका."

पाते लावण्यापूर्वी माझा हात थांबला. "हिला दुखत असेल का हो?"

"मला काय विचारता? तुमच्या शास्त्रात वृक्षांना सुखदुःख असतं म्हणता ना तुम्ही?" मग त्या हळू म्हणाल्या, "न कापली तर ही एकाच टोकाने वाढत राहते. कापली की दोन्हीकडे फुटवे येतात. हिचं तसंच आहे. कापा."

मी कापली. पात्याचा किंचितसा आवाज झाला, ओली काकडी चिरल्यासारखा. दगडावरून सोडवलेले दोन तुकडे माझ्या तळहातावर होते, आणि जखमेच्या जागी खोड आतून फिकट हिरवे दिसत होते.

"आता दोरा," बाई म्हणाल्या, आणि मग थबकल्या. टेबलाचा खण उघडून त्यांनी चाचपले. पुण्याच्या मंडळींची रोपे बांधता बांधता सुती रीळ संपले होते. खणात नायलॉनची गुंडाळी तेवढी शिल्लक होती. "अग बाई. सुती संपला की."

"बाजारातून आणू?"

"आज पौर्णिमेला कोण दुकान उघडतंय? आणि ही फार वेळ उघड्यावर राहायची नाही."

तेव्हा मला खिशातील कागदाची आठवण झाली.

आता विचार करता वाटते, त्या वेळी मी फारसा विचार केलाच नव्हता. जीर्ण यज्ञोपवीत पाण्यात सोडायचे असते, आणि हे पाणीच होते. सूत शुद्ध होते, हाताने कातलेले. एवढेच मनात आले. मी कागद उलगडला.

बाईंनी पाहिले. "हे...?"

"जुने जानवे. आज सकाळी उतरवले. तसेही ते जळातच विसर्जन करायचे आहे."

"हळद वगैरे लागलीय का? गोगलगायी..."

"धुऊन घेतो."

मी ते गरम पाण्यातून काढून पिळून आणले. बाईंनी ते माझ्या हातून आपल्या डाव्या हातात घेतले आणि बोटांत धरून पाहत राहिल्या. सूत मऊ झाले होते, अंगावरच्या घासण्याने ठिकठिकाणी पिसारलेले.

"आज सकाळपर्यंत तुमच्या अंगावर होतं?"

"गेल्या श्रावणीपासून. वर्षभर."

"आणि ही गाठ?"

"ब्रह्मगाठ. ती सोडवता येत नाही. दोरा तोडायचा तर येथून मागे कापावे लागेल. दोन तुकडे करू, दोन्ही रोपांना पुरतील."

बाहेर कोठे तरी नारळ फुटल्याचा आवाज आला. कोणाच्या तरी घरी जेवणाची पाने मांडली जात होती.

"कापू नका," त्या म्हणाल्या. "गाठीसकट, अख्खंच बांधा. माझ्या अर्ध्याला. तो लांबच्या प्रवासाला जायचाय, घट्ट हवं."

मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे बांधू लागलो. गोटा त्यांनी धरला, मी वेढे घेतले. खोड दाबले जाणार नाही, मुळे खाली राहतील, पाने दोऱ्यात अडकणार नाहीत, अशा बेताने. "सैल. अजून सैल. गळफास लावता की काय तिला?" ... "आता जरा ओढा." ... "हां." जानव्याची लांबी बरीच असते. वेढ्यावर वेढे बसत गेले, आणि शेवटी ब्रह्मगाठ गोट्याच्या पाठीवर आली. तेथे ती स्वच्छ पांढरी दिसत होती.

"आणि तुमच्या अर्ध्याला?" बाईंनी विचारले.

"नायलॉन आहे ना."

"नायलॉन नको."

"मग?"

त्या उठल्या. तिपाईपाशी गेल्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती, म्हणून त्यांचा चेहरा मला दिसला नाही. निरांजन लावण्यासाठी त्या काडेपेटी शोधत आहेत असे मला वाटले, आणि माझा उजवा हात आपोआप मांडीवरून उचलला गेला. एवढा क्षण मला स्पष्ट आठवतो. ओल्या हाताचे पाणी कोपरापर्यंत ओघळत होते, आणि मी तो पुढे करायचा की पुसायचा हे ठरवीत होतो.

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात राखी होती, आणि तिच्याबरोबर कात्री. डाव्या हाताने कात्री चालेना, म्हणून त्यांनी राखी माझ्यापुढे धरली.

"हे फूल कापून टाका. नुसतं सूत ठेवा."

मी त्यांच्याकडे पाहिले.

"सुतीच आहे," त्या म्हणाल्या. "रंग सुटेल थोडा. सुटू दे."

मी पिवळे फूल कापले. ते पाटावर पडले. माझ्या अर्ध्यासाठी टाकीतलाच दुसरा गोटा काढून तांबडे सूत त्यांनी स्वतःच त्याच्यावर धरले, आणि त्यांच्या एका हाताने आणि माझ्या दोन हातांनी आम्ही ते बांधले. गाठ मारताना त्यांचे बोट गाठीखाली राहिले होते, मी ती आवळली तेव्हा त्या "अग आई" म्हणाल्या आणि हसल्या. मग दोन्ही गोटे पाण्यात सोडले. तांबडा रंग धुरासारखा हळूहळू पाण्यात पसरत गेला आणि विरून गेला.

इतक्यात जिन्यावर सुहासची पावले वाजली. आत येताच त्याने तबकाकडे पाहिले. "काय आई, झाली का राखी? गुरुजी, दाखवा बघू हात!"

माझा हात रिकामा होता. बाईच म्हणाल्या, "बांधली की."

"कुठे?"

"ती बघ, त्या गोट्याला."

सुहास टाकीजवळ गेला, वाकून पाहिले, आणि मोठ्याने हसला. "दगडाला राखी? आई, कमाल आहे तुझी!"

"दोरा संपला होता रे," बाई म्हणाल्या. "आणि काय फरक पडतो? तुझे गुरुजीही काही कमी दगड नाहीत. चल, पानं घे. भात गार होतोय."

आम्ही जेवलो. नारळीभातात लवंग जरा जास्त पडली होती. सुहासने बडोद्याच्या घराचे वर्णन केले, गच्ची किती मोठी आहे, टाकी कुठे ठेवता येईल ते सांगितले. बाईंनी उन्हाळ्याची चौकशी केली. तेथे पाणी फार तापत असेल तर तिन्हीसांजेवर पंखा लावावा लागेल, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली तेव्हा त्यांचा गोटा पाण्याच्या पिशवीत, पिशवी थर्मोकोलच्या खोक्यात, आणि खोके त्यांच्या मांडीवर होते. काच खाली करून त्या एवढेच म्हणाल्या, "पुरू नका हं."

"नाही पुरणार," मी म्हणालो.

मी घरी परतलो. दोरा संपला होता, म्हणून तसे झाले, असे मी माझ्या मनाला सांगितले. ते खोटेही नव्हते. सुती दोरा खरोखरच संपला होता.

त्यानंतर त्या वाईला आल्या नाहीत. मनगट बरे झाले, पुढे गुडघे दुखू लागले, प्रवास झेपेनासा झाला. मीही कधी बडोद्याला गेलो नाही. कशासाठी जातो हे कोणाला सांगता आले नसते, आणि न सांगता जाण्याचे वय राहिले नव्हते. प्रत्येक नारळी पौर्णिमेला मात्र त्यांचा फोन येई. श्रावणी आटोपून मी घरी पोचलो की थोड्या वेळात घंटा वाजे.

"गुरुजी, तिन्हीसांज कशी आहे?"

"नवे पान आले आहे. तुमची?"

"माझीही आहे. दोरा सुटला. मुळांनी धरलंय दगडाला."

"माझाही सुटला. तांबडा होता, तो पांढरा होऊन गळला."

"परत मागायची वेळ आलेली नाही ना अजून?"

"नाही. तुमच्यावर?"

"नाही हो. पण मागेन हं वेळ आली तर."

"मागा."

बोलणे बहुधा एवढेच. फोन ठेवल्यावर मी टाकीसमोर बसत असे. तिरका उजेड येईपर्यंत बसत असे, तो आल्यावरही बसत असे. पानांत निळे जागे होई, जांभळी रेघ उमटे, आणि थोड्याच वेळात सगळे मावळून पाने पुन्हा साधी होत. सरूवहिनींनी आता मला विचारणे सोडले होते. एकदा त्याच म्हणाल्या, "गुरुजी, मासे नसतानाही बसता होय?"

मग एका पौर्णिमेला फोन आला नाही. मी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. स्वतः फोन करण्यासाठी हात पुढे गेला आणि मागे आला. पुढच्या पंधरवड्यात सुहासचा फोन आला, तेव्हा त्याला सांगावे लागण्याआधीच मला कळले होते.

दिवाळीनंतर तो स्वतः आला. केस पांढरे झाले होते, हसणे थोडे मंदावले होते. हातात थर्मोकोलचे खोके होते.

"आईनं सांगून ठेवलं होतं," तो म्हणाला. "माझ्यानंतर हे गुरुजींकडे. परत मागितलं तर द्यावं लागतं, असं काहीतरी म्हणायची. तुम्ही मागितलं होतंत का?"

"नाही," मी म्हणालो. "मागितले नव्हते."

त्याने खोके उघडले. कृष्णेचा काळा गोटा होता. तिन्हीसांज त्याच्यावर सर्व बाजूंनी पसरली होती. माझ्याकडची तिच्यापुढे सामान्यच म्हणावी लागेल. गोट्याच्या पाठीवर, जेथे ब्रह्मगाठ होती, तेथे आता मुळांचे जाळे होते, इतके दाट की दगड दिसत नव्हता.

चहा झाला. सुहास टाकीकडे बराच वेळ पाहत होता. मग म्हणाला, "गुरुजी, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार."

"त्या दिवशी मी स्टँडवर गेलो होतो तेव्हा तुम्ही आईला काय बोललात?"

"काहीच नाही. आम्ही रोप कापत होतो."

"काहीतरी बोलला असाल."

"दोरा संपला होता. माझ्या खिशात जुने जानवे होते. ते मी तिच्या रोपाला बांधायला दिले." बोलता बोलता 'तिच्या' असा शब्द गेला, हे मला नंतर जाणवले. सुहासने ते ऐकले असावे.

"ते आम्हाला ठाऊक आहे," तो म्हणाला. "ती गाठ कुजून निघाली तेव्हा आईनं ती पाण्यातून काढून तुळशीत ठेवली. माझी बायको मुग्धा म्हणाली, टाकून देऊ का, तर म्हणाली, हात लावू नकोस." त्याने चहाचा घोट घेतला. "मी तुम्हाला म्हटलं होतं ना, राखीची कल्पना माझी होती?"

"हो."

"माझी नव्हती. मी बडोद्याहून निघालो तेव्हा आईचाच फोन आला. येताना एक राखी आण म्हणाली, साधी, सुती. मी विचारलं, कुणाला? म्हणाली, गुरुजींना बांधून टाकते, म्हणजे जाताना मागं काही राहायला नको. आणि वर बजावलं, तूच सुचवलंस असं सांग." त्याने कप बशीत ठेवला. "तिनं ठरवलेलं होतं, गुरुजी. आई ठरवलेलं बदलायची नाही, तुम्हाला माहीत आहे. म्हणून विचारलं."

पश्चिमेच्या खिडकीतून उजेड हळूहळू टाकीकडे सरकत होता.

"चला," सुहास उठला, "हा गोटा पाण्यात सोडू या. उघड्यावर राहिलेलं चालत नाही म्हणायची."

आम्ही दोघांनी मिळून तो टाकीत ठेवला, माझ्या गोट्याला लागून. त्याने जाताना मला वाकून नमस्कार केला. "येतो, गुरुजी," म्हणाला. मामा म्हणाला नाही.

याला आता काही वर्षे झाली. मी पंचाऐंशीच्या पुढे आहे, आणि माझ्या हातांना कंप सुटला आहे, तरी टाकीचे पाणी मीच बदलतो. परवा तळ स्वच्छ करण्यासाठी माझा गोटा उचलू गेलो, तो त्याच्याबरोबर तिचाही वर आला. दोन्हीकडची खोडे सरकत सरकत एकमेकांच्या दगडावर गेली होती, आणि कोणाची मुळे कोणत्या दगडात आहेत हे वेगळे करता येत नव्हते.

मी ते दोन्ही तसेच, एकत्र, पुन्हा पाण्यात ठेवले. मग पाट घेऊन समोर बसलो. उजेड यायला अजून अवकाश होता.